साडूच्या परवान्याची सुनावणी

साडूचा गाडी चालवायचा परवाना आज जाणारच, हे चष्मेवाल्यांनी दाढी करतानाच ठरवून टाकलं होतं. "फिरेल आता पायी, बेटा!"

चष्म्यांचं दुकान, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. लोकांची नजर तपासायचा धंदा, पण स्वतःची नजर सदा धाकट्या साडूच्या नव्याकोऱ्या गाडीवर! ती सासऱ्यांच्या दारात उभी राहिली की यांचा जळफळाट व्हायचा. सासरे साडूला कोचावर बसवत आणि यांना म्हणत, "तुम्ही काय, घरचेच! जरा पंखा बघता का, फिरत नाहीये."

आणि सासऱ्यांच्या वाढदिवसाहून परतताना साडूला पोलिसांनी अडवलं. यंत्रात फुंकायला लावलं, आणि यंत्र बोंबललं! चष्मेवाले आठवडाभर शीळ घालत होते.

सुनावणीला सगळं सासर हजर. अधिकारी बाईंनी पोलिसाला विचारलं, "यंत्राच्या तपासणीचा दाखला?"

"मुदत संपलीय, मॅडम."

"मग आकडा बाद. यांना अडवलं कुणी?"

"त्याची बदली झाली. पण तो मला म्हणाला होता, तोंडाला वास—"

"ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे?"

साडू सुटणार! चष्मेवाल्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. बायकोनं बाही ओढली, "अहो, खाली बसा!" पण हे उठलेच. "मी पाहिलंय!"

शपथ झाली.

"किती प्याले घेतले यांनी?"

"चार!"

"मोजलेत?"

"मोजायचे कशाला? त्यानं एक घेतला की मी एक! त्याला पुढे जाऊ देतोय होय मी?"

"म्हणजे तुम्हीही चार?"

"पाच!" चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली.

"आणि घरी कसे गेलात?"

"स्कूटरवर! त्याच्याआधी पोचायचं होतं ना!"

बायकोनं कपाळाला हात लावला.

बाई म्हणाल्या, "पाच प्याले घेतलेल्या माणसानं काय पाहिलं, यावर मी विश्वास ठेवायचा? साक्ष बाद."

"मग... मी निघू?"

"त्यांच्याबद्दलची बाद. स्वतःबद्दल शपथेवर दिलेली कबुली चालते. परवाना ठेवा इथे."

साडूचा परवाना परत मिळाला, यांचा टेबलाच्या खणात गेला! बाहेर येताच साडूनं कडकडून मिठी मारली. "दादा, मला वाचवायला मुद्दाम बोललात ना? ओळखलं मी!" सासऱ्यांचेही डोळे पाणावले. चष्मेवाले पुटपुटले, "घरच्यांसाठी एवढं तर..."

बायको तेवढी सरळ रिक्षा शोधायला निघाली.

साडू मात्र खरंच उपकार मानणारा निघाला. रोज सकाळी त्याच गाडीतून यांना दुकानापर्यंत सोडतो, उतरताना दारसुद्धा उघडून धरतो. आणि दुकानात पाऊल टाकणारं प्रत्येक गिऱ्हाईक चष्मा लावायच्या आधीच म्हणतं, "चष्मेवाले, साडू असावा तर असा!"