उपेक्षेचे शुद्धिपत्र

आमच्या घराला रंग दिला त्या दिवशी संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे रिसबूड आले, चपला दाराशी काढून खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, "अभ्यंकर, मी मुदिता व्यक्त करण्यासाठी आलो आहे."

दहा मिनिटे ते काही बोलले नाहीत. भिंतींकडे पाहत मंद हसत राहिले. चहा नाकारला. मग उठले. "दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला सुख होणे, ही मुदिता. पहिली सहा मिनिटे मत्सर होता. शेवटच्या चारांत जमले." आणि गेले.

रिसबूड गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्यालयात, राजभाषा विभागात होते. इंग्रजी नियमांना हिंदी प्रतिशब्द शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पत्नी वारली. निवृत्तीनंतर शब्दांचे कामही संपले. तेव्हा कोणीतरी त्यांना एका बौद्ध विहाराचा पत्ता दिला. तिथे मूळचे चितगावचे एक वृद्ध भन्ते शनिवारी पाली शिकवतात. इतरांना तिथे शांती मिळते. रिसबुडांना परिभाषा मिळाली. जन्मभर वापरलेले शब्द आपण चुकीच्या अर्थाने वापरत होतो, या शोधाने ते हादरले आणि लगेच इतरांना हादरवू लागले. 'विज्ञान' म्हणजे शाळेतला विषय नव्हे, ती जाणीव. 'संज्ञा' म्हणजे व्याकरणातले नाम नव्हे, ती ओळख. बालीगंजच्या बंगाली वस्तीत मराठी समजणारी आमची दोनच घरे. हा सर्व मारा माझ्यावर होत असे.

मागच्या वर्षी इमारतीची लिफ्ट बंद पडली. रिसबुडांनी तिच्या दारावर सुबक बंगाली अक्षरांत एक पाटी लावली: 'अनित्य'. दुसऱ्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली, पण पाटी तशीच राहिली. ती बिघाडाची सूचना समजून चार दिवस सगळी इमारत जिने चढली. अखेर सोसायटीचे सचिव दत्तबाबू रिसबुडांच्या दारात धापा टाकीत उभे राहिले. "दादा, लिफ्ट तो ठीक आछे!"

"आज ठीक आहे," रिसबूड हिंदीत म्हणाले, "म्हणून ती नित्य झाली असे होत नाही."

तरी दत्तबाबूंच्या आग्रहास्तव ते पाटी काढायला निघाले. लिफ्टवर आपलाच विश्वास नसल्याने जिन्याने निघाले, आणि शेवटच्या चार पायऱ्या घसरून उतरले. घोटा टम्म सुजला. डॉक्टर येईपर्यंत मी शेजारी बसलो होतो.

"वेदना होताहेत?" मी विचारले.

"वेदना तीन प्रकारच्या असतात," रिसबूड दात आवळून म्हणाले. "सुखद, दुःखद आणि दोन्ही नव्हे अशी. आपण कोणत्या प्रकाराविषयी विचारता?"

हे काय म्हणताहेत, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "उनी की बोलछेन?"

"दुसरा प्रकार," मी सांगितले.

रिसबुडांना एकच मुलगी, कल्याणी. गल्लीतल्या बंगाली बायकांनी तिला मिठू केले आणि तेच नाव राहिले. तिचे मराठी इथेच वाढलेले. बंगालीत पाणीही 'खातात', त्यामुळे ती बारा वर्षांची होईपर्यंत "बाबा, मी पाणी खाल्लं" असेच म्हणे. रिसबूड दर वेळी पेला तिच्या हातातून काढून घेत. "पाणी पितात." ती "पाणी प्यायले" म्हणे, तेव्हा पेला परत मिळे.

या वर्षी मिठूने बंगळुरूला नोकरी धरली. रिसबुडांनी दोन महिने विरोध केला, तोही लेखी. ती गेलीच. मात्र दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येई.

एका रविवारी सव्वादहाला रिसबूड माझ्याकडे आले आणि मोबाइल गुडघ्यावर ठेवून बसले. पुढच्या रविवारीही आले. तिसऱ्या रविवारी मी विचारले, "मिठूचा फोन नाही?"

"नाही. तिलाही उपेक्षा साधलेली दिसते." स्वर अभिमानाचा होता. पण त्यांनी फोन उचलून आवाज पुरता वाढवलेला आहे ना, हे पाहिले. बसल्यापासून चौथ्यांदा.

"तिलाही म्हणजे?"

ते वर गेले आणि एक फाइल घेऊन आले. मुलीला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची कार्यालयीन प्रत ते ठेवतात. शेवटच्या पत्राचा जावक क्रमांक एकोणीस होता. मजकूर असा:

'चि. कल्याणी, अनेक आशीर्वाद. तू गेल्यावर मी पुष्कळ त्रागा केला. कळविण्यास आनंद होतो की, दीर्घ प्रयत्नांनंतर तुझ्याविषयी माझ्या मनात संपूर्ण उपेक्षा निर्माण झाली आहे. ती यापुढे कायम राहील. तुझा, बाबा.'

मी पत्र दोनदा वाचले. "रिसबूड, हे पाठवले?"

"स्पीड पोस्टाने."

"उपेक्षा म्हणजे काय?"

"मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. चौथी आणि सर्वांत अवघड. ज्याच्यावर माया आहे त्याला मुठीत न धरता, स्थिर मनाने त्याचे भले चिंतणे. भन्ते म्हणतात, आईबापांना ही फार उशिरा साधते."

"आणि मराठीत?"

त्यांनी हातातली फाइल हळूच टेबलावर ठेवली.

"अरे देवा," रिसबूड म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले पारिभाषिक नसलेले वाक्य.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून पेन काढले. "शुद्धिपत्र काढतो. 'उपेक्षा' याऐवजी 'समचित्तता' असे वाचावे."

"आजारातून उठल्यासारखे वाटते."

"तटस्थता?"

"शेजारच्या देशाला लिहिता आहात काय?"

"मग व्याख्या जोडतो. दीड पान होईल."

"रिसबूड, फोन करा."

"फोनवर मसुदा करता येत नाही." ते पेनाचे टोपण लावू आणि काढू लागले. "मिठू वसतिगृहात होती तेव्हा बोलण्याचे खाते तिच्या आईकडे होते. माझ्याकडे फक्त लेखन."

"काय बोलत असत वहिनी?"

"विशेष काही नाही. रोज एकच. जेवलीस का."

मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि जावक क्रमांक वीस घातला. लिहून झाल्यावर कचेरीतल्या सवयीने तपासणीसाठी माझ्यापुढे सरकवला.

'शुद्धिपत्र. पत्र क्रमांक १९ मधील "उपेक्षा" हा शब्द व त्यासंबंधीचा संपूर्ण मजकूर वगळावा. त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे: जेवलीस का?'

मी कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही. शुद्धिपत्र टपालानेच जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मी कागद टेबलावर सपाट केला, त्यांच्याच फोनने त्याचे छायाचित्र काढले आणि मिठूला पाठवून दिले.

अकरा मिनिटे आम्ही बसलो. खाली मासेवाला ओरडत गेला. मग फोन वाजला, तो संदेशाचा छोटा आवाज. रिसबुडांनी चष्मा चढवला, वाचले, आणि फोन माझ्याकडे दिला.

'जेवले बाबा. पाणी पण खाल्लं. आता फोन करू?'

रिसबुडांनी फाइल उघडली. आवक क्रमांक टाकून तो मजकूर त्यांनी जसाच्या तसा उतरवून घेतला. 'खाल्लं' या शब्दाशी पेन क्षणभर थांबले आणि पुढे गेले. मग चष्मा काढून त्यांनी तो दोनदा पुसला.

"काय होते आहे?" मी विचारले.

"वेदना," रिसबूड म्हणाले.

फोन वाजू लागला. मी प्रकार विचारला नाही.