उलटा टांगलेला रोशन

महाल भागातल्या एका शाळेच्या मैदानावर कला महोत्सवाचा मांडव घातला जात होता, तेव्हाच देवकीनं रोशन आणि प्रीतम या आपल्या दोन साथीदारांना बजावून ठेवलं होतं, "आपला प्रयोग संपला नं, की एक माणूस मान वर करणार नाही. शरमेनं मरतील सगळे."

देवकी सर्कसच्या वर्गात शेवटच्या वर्षाला. हा वर्ग एका व्यायामशाळेत भरतो. तिथं दोर शिकवतात, शिडी शिकवतात, हवेत तोल सांभाळायला शिकवतात. पण "मी सर्कस शिकते" म्हटलं, की मावशीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत जो तो विचारतो, "मग सिंह कुठी आहे?" या एका प्रश्नानं देवकीचं डोकं बाराही महिने तापलेलं असायचं.

त्यात मागच्या वर्षी इतवारीच्या बाजारात तिची स्कूटर घसरली. पाय गाडीखाली अडकला. हातगाडीवाले, टेम्पोवाले, भांडी घ्यायला आलेल्या बाया, सगळे तिला वळसा घालून गेले. एकानं तर मागून हॉर्न वाजवला. पाय पंधरवड्यात बरा झाला, हॉर्न काही कानातून गेला नाही. त्या रागातून तिनं हा प्रयोग बसवला होता.

प्रयोग साधा होता. रोशन एका पायाला दोराचा वेढा घेऊन उलटा लटकणार. खाली खुर्चीवर प्रीतम पेपर वाचत बसणार आणि एकदाही वर बघणार नाही. बोलणं नाही, संगीत नाही. बराच वेळ गेला की सगळ्या दिव्यांचा झोत एकदम प्रेक्षकांवर पडणार. एक माणूस टांगलाय आणि तुम्ही आरामात बसलाय, हे त्यांना दिसणार.

"काहीही झालं तरी उठायचं नाही," तिनं प्रीतमला सांगितलं होतं. "मांडवाला आग लागली तरी पेपर वाचायचा."

प्रयोगाआधी दोन ओळींचं निवेदन वाचायचं कार्यक्रमाचे सचिव मनोहरराव यांनी कबूल केलं होतं. पण पाहुण्यांचं भाषण लांबलं. मनोहररावांनी घड्याळ पाहिलं, निवेदन खिशात घातलं आणि माइकवर म्हणाले, "आता बालगोपाळांसाठी सर्कस. जोकर थोड्या वेळात येऊन राहिला."

दिव्यांच्या टेबलामागे देवकीनं दात असे खाल्ले, की शेजारचा साउंडवाला दचकून खुर्ची घेऊन सरकला.

रोशन दोरावर चढला, उलटा झाला, स्तब्ध झाला. मांडवात शांतता पसरली. देवकीला वाटलं, जमलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून यमुताईंचा आवाज आला. यमुताई म्हणजे महालातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी एकदा तोंड उघडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा शिस्तीत बसत.

"त्या पोट्ट्याचा पाय अडकला वाटते. कोणी पाहून राहिलं का नाही?"

कोणी हललं नाही. यमुताईच उठल्या, पदर खोचला आणि स्टेजवर चढून थेट प्रीतमसमोर उभ्या राहिल्या. "काय गा, दोस्त वर मरून राहिला अन् तू पेपर वाचून राहिला?"

प्रीतमनं पान उलटलं.

झालं. मांडव पेटला. "माणूस आहे का कोण आहे हा," म्हणत दहा-बारा जण स्टेजवर चढले. कोणी पाहुण्यांचा सोफा उचलून रोशनच्या डोक्याखाली आणला. कोणी शिडी आणली. एकानं प्रीतमच्या हातातला पेपर ओढून फाडला. प्रीतम उरलेला तुकडा वाचत राहिला.

"काका, मी ठीक आहो," रोशन उलट्या तोंडानं पुटपुटला. "नाटक चालू आहे."

"डोक्यात रक्त उतरलं याच्या," शिडीवरचे काका म्हणाले. "भलतंच बोलून राहिला. ओढा."

देवकी धावत स्टेजवर आली. संतापानं तिचा आवाज फाटला होता. "उतरा खाली सगळे. हात लावू नका त्याले. मी दिग्दर्शक आहो."

यमुताईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तूच टांगलं का वं त्याले?"

आता सगळा मांडव देवकीवर उलटला. तोवर चार हातांनी दोर हवा तसा पिळून रोशनला खाली ओढलं होतं. त्याला कांदा हुंगवला, साखरपाणी पाजलं, एक बाई तर त्याचे तळपाय चोळत बसली.

देवकीनं मनोहररावांच्या हातातला माइक हिसकावला. "या शहरात कोणाच्या मदतीले कोणी उठत नाही, हे दाखवायचं होतं मले. अन् तुम्ही सगळे उठले. सत्यानाश केला."

लोक एकमेकांकडे बघू लागले. यमुताई जरा ओशाळल्या.

"मग आधी सांगायचं नं बाई," त्या म्हणाल्या. "चला गा, बसा सगळे. पोरीनं मेहनत केली आहे. आता कोणी उठलं तर माझ्याशी गाठ आहे."

सोफा जागेवर गेला. प्रीतमला कोणीतरी नवा पेपर आणून दिला. रोशन पुन्हा दोरावर चढला, उलटा झाला. लोक मांडीवर हात ठेवून असे बसले, जणू शाळेत तपासणी आली आहे.

आणि मघाच्या ओढाताणीत दोराला पडलेला पीळ रोशनच्या घोट्यावर आवळला. नेहमी तो वर वाकून वेढा सोडवायचा. आता सुटेना.

"देवकी," तो म्हणाला. "खरंच अडकलो."

प्रेक्षकांत एक कौतुकाची कुजबुज झाली. प्रीतमनं पान उलटलं.

"देवकी, पाय सुन्न झाला. आईशप्पथ."

तो आवाज देवकी ओळखत होती. तिनं टेबल सोडलं आणि पळत सुटली. पण पहिल्या रांगेपाशी यमुताईंनी तिचा दंड पकडला. "बैस वं."

"सोडा, तो खरंच अडकला."

"आम्हाले बसवलं अन् आता स्वतः उठते का?"

"बसा, बसा," मागून लोक ओरडले.

देवकीनं यमुताईंचा हात झिडकारला, शिडी लावली आणि वर चढून रोशनचं सगळं वजन खांद्यावर घेतलं. दोर सैल करताना तिला रडू फुटलं. रडतच ती प्रीतमवर ओरडली. प्रीतमनं पेपर जरासा खाली केला. "आता उठू का?"

दोघांनी मिळून रोशनला उतरवलं. मांडव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मनोहररावांनी डोळे पुसले. देवकी रोशनचा सुजलेला घोटा मांडीवर घेऊन बसली होती. आतून अजून उकळत होती, पण नेमकं कोणावर ओरडावं ते तिला कळेना.

यमुताई स्टेजवर आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाटक आवडलं वं मले. पोट्टा मस्त लटकला. पेपरवाला तर पक्का बेशरम वाटला. फक्त तुझं ते शेवटचं रडणं काही खरं वाटलं नाही."