रॉकेटची नळी आवळण्याबाबत

जगात कोणतीही वस्तू वर जायला निघाली, की तिला खालून धरून ठेवायला चार वडीलधारी माणसं आपोआप जमतात. आमच्या गावात पाच जमली. (कोपरगाव तालुक्यात आमचं गाव पुढारलेलं समजतात.)

झालं असं, की मी पुठ्ठ्याचं चार फुटी रॉकेट बनवलं. रविवारी गावात उडालं तर ते नगरच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर मी! शोभेच्या दारूवाल्याकडून भरून आणलेली नळी त्याच्या बुडात बसते. ती रॉकेट वर नेते आणि विझता विझता आतल्या बाजूला एक फटका मारते. त्या फटक्याने शेंडा उडावा आणि आईच्या जुन्या लुगड्याची छत्री उघडावी, अशी अपेक्षा. पण नळी सैल असली की तीच खाली निसटते, आणि मिटल्या छत्रीनिशी रॉकेट कुणाच्या तरी उसात घुसतं.

मग नळी अडकवायची कशाने? शाळेची शिपाईण कडूबाई म्हणाली, "आगं, ह्यो घे माज्या अंबाड्याचा आकडा. वाकीव आन् लाव." लावला. घट्ट बसला. परंतु इतक्या लवकर सुटणारा प्रश्न शाळेला शोभत नाही. हेडसरांनी नळी-आवळ समिती नेमली. अध्यक्ष, संस्थेचे काकासाहेब. (रॉकेटचा अनुभव: निरंक. अध्यक्षपदाचा: एकवीस वर्षे.)

पंप दुरुस्त करणाऱ्या छगन मिस्त्रींनी इंजिनाच्या पाइपाचा लोखंडी पट्टा आणला. बैलगाड्या बनवणारे भीमा सुतार तापले. "मिस्त्रीचं लोखंड चालतं, आन् माज्या बाभळीच्या पाचरी न्हाई? मंग मला बलावलं कशाला?"

आता प्रश्न नळीचा राहिला नाही, मानाचा झाला. लग्नात एका व्याह्याला फेटा बांधला की दुसऱ्याला बांधावाच लागतो, मग डोकं केवढंही असो.

"दोनी घ्या," काकासाहेब म्हणाले. "वरून साखर कारखान्याची तार गुंडाळा. कुनी नाराज नको."

चित्रकलेचे सर "बरोबर" म्हणाले. (ते याचसाठी समितीत होते.) हेडसरांनी वर लाखेचं सील मारलं.

"काकासाहेब, वजन लई झालं! उडणार नाही," मी म्हणाले.

"पोरी, तू हुशार हायेस," ते मायेने म्हणाले. (हे आमच्याकडे 'खाली बस' या अर्थी म्हणतात.)

रॉकेट सव्वा किलो, पट्टा-पाचरी-तारेची पकड पावणेचार किलो.

रविवारी नारळ फुटला, वात पेटली. रॉकेट थरथरलं, धुरात दिसेनासं झालं, आणि धूर विरल्यावर तिथेच दिसलं. मग फटका बसला, शेंडा उडाला आणि आईचं लुगडं अलगद काकासाहेबांच्या फेट्यावर उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समितीचा अहवाल असा: नळी निसटली नाही. छत्री उघडली. उसाला इजा नाही. रॉकेटने वर जावे, हा विषय कामकाजात नव्हता. सबब प्रयोग एकमताने यशस्वी.

नगरला पकड गेली. सोबत समिती गेली. (जीपमध्ये मला जागा उरली नाही.)

पकड गेल्यामुळे रॉकेट मोकळं झालं होतं. शेपूट तेवढं काळवंडलेलं. सोमवारी मधल्या सुट्टीत मी दुसरी नळी बसवली आणि कडूबाईचा आकडा लावला. शाळेच्या चिंचेच्या तिप्पट उंच गेलं! छत्री उघडली. "आगं बया बया!" कडूबाई सुटल्या केसांनी नाचली. याची नोंद कुठेही नाही.

आता मी आठ फुटी बनवते आहे.

इथवर वाचून तुम्हालाही वाटलं असेल, पोरगी हुशार आहे, पण हिला वेळीच आवरायला हवं. अवश्य या. समितीत सहावी जागा तुमच्यासाठीच ठेवली आहे. येताना तुमच्या मानाचं काहीतरी जड घेऊन या.