उजव्या हातातला हिरवा चुडा

गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या वर्षी ठाण्यात कोलशेतच्या खाडीतून प्रवासी बोट सुरू होणार, अशी बातमी होती. तशी ही बातमी नौपाड्यातल्या सुमतीबाई निवृत्त झाल्यापासून दर वर्षी वाचत आल्या होत्या. पण या खेपेला तिच्यापायी त्यांच्या स्वयंपाकघरात शाळा भरू लागली, म्हणून ते साल त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं.

सुमतीबाईंची सगळी नोकरी कोलशेतच्या शाळेत झाली. तेव्हा तिथे मिठागरं होती. दुपारच्या उन्हात मिठाच्या राशी अशा चमकायच्या की वर्गातल्या मुलांना फळ्याकडे बघणं नको व्हायचं. भरती-ओहोटी बघून हजेरी कमीजास्त व्हायची. बाई पक्क्या शाकाहारी, तरी गुरुपौर्णिमेला त्यांच्या टेबलावर कुणीतरी खाडीतले जिवंत खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, आणून ठेवायचं. त्या चिंबोऱ्या वर्गभर फिरायच्या आणि पाढे तिथेच थांबायचे. पुढे मिठागरं गेली, उंच उंच इमारती आल्या, रिक्षावाले "कोलशेतला यायचं नाही" म्हणायचे तेच आता हाका मारू लागले. पण शाळेतली मुलं बाईंना विसरली नव्हती. त्यांच्या शेवटच्या वर्गातली दर्शना तर एका सकाळी स्कूटरवरून थेट दारात येऊन उभी राहिली.

दर्शनाला बोट चालवायचा परवाना हवा होता. तिचे वडील नाथा पूर्वी मिठागरावर होते. आता जमिनीच्या जागी त्यांच्या दोन इमारती उभ्या होत्या, भाडी येत होती, कशाला कमी नव्हतं. तरी नाथाने होडी सोडली नव्हती आणि त्या होडीवरच दर्शना वल्हं आणि इंजिन दोन्ही शिकली होती. नवीन बोटीच्या कंपनीने तिला सांगितलं होतं, परवाना आण, सुकाणू तुझं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. डोंबिवलीच्या एका क्लासवाल्याकडे शिकून तोंडीही देऊन आली होती आणि तोंडीत आपटली होती. पुढची तोंडी कोलशेतच्या धक्क्यावर, बोट चालवतानाच होणार होती.

"बाई, पाण्यात मी कधी चुकत नाही," ती म्हणाली. "पण सरांनी पोर्ट म्हटलं ना, की डोकं एकदम ब्लँक होतं. डावं म्हणा, उजवं म्हणा, झोपेत सांगेन. पोर्ट, स्टारबोर्ड म्हटलं की संपलं."

नाथाने तिला बजावून ठेवलं होतं. आणखी एकदा बस. या वेळी पास झालीस तर चालव बोट, नाहीतर शीळफाट्याच्या स्थळाला होकार कळवतो. शीळफाट्याचा मुलगा तसा वाईट नव्हता. फक्त त्याला पाण्याची भीती वाटायची, आणि दर्शनाला तेवढं पुरेसं होतं.

सुमतीबाईंना बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण परीक्षा म्हणजे काय ते नीट कळत होतं. त्यांनी पुस्तक वाचून काढलं. पोर्ट म्हणजे डावी बाजू, दिवा लाल. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, दिवा हिरवा. नातू अद्वय म्हणाला, आजी, यासाठी ॲप असतं. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. जे डोक्यात जात नाही ते हातातून जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. चिंचोक्यांवर त्यांनी तीन पिढ्यांना बेरीज शिकवली होती. त्या दर्शनाला घेऊन बाजारात गेल्या आणि कासाराकडून तिच्या डाव्या हातात लाल बांगड्या भरून घेतल्या, उजव्या हातात हिरव्या. चांगल्या घट्ट. ताकीद दिली, परीक्षा होईपर्यंत उतरवायच्या नाहीत, झोपतानासुद्धा नाहीत.

हिरव्या बांगड्यांचा अर्थ बाईंना ठाऊक नव्हता असं नाही. पण एकाच हातात हिरव्या आणि दुसऱ्यात लाल, याला चुडा कोण म्हणेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी एवढाच विचार केला नाही की माणूस देणं-घेणं, जेवणं, नमस्कार सगळं उजव्या हाताने करतं. दर्शनाने नाक्यावर कोळणीकडून बोंबील घेतले, उजवा हात पुढे. दूधवाल्याला पिशवी दिली, उजवा हात पुढे. शेजारणीला हात केला, तोही उजवा. दोन दिवसांत कोलशेतने तिचा हिरवा हात पाहिला. लाल हात कुणाच्या नजरेला पडलाच नाही.

दर्शनाने खरं काय ते सांगितलं. त्याने तर जास्तच बिघडलं. नाथाची थोरली बहीण ठमाबाई गालावर बोट ठेवून म्हणाली, "परीक्षेला बांगऱ्या? मंग लायटीचा बिल भराला जाताना मुंडावल्या बांधतस आसशील." बांगड्या भरल्या कुणी? बाईंनी. कुठे? नौपाड्यात. बाईंच्या घरी कोण असतं? लग्नाच्या वयाचा नातू. ठमाबाईने हिशोब जुळवला. हळदीला कुणाला कसं बोलावलं नाही, यावरून भावकीतल्या दोन घरांनी नाथाशी बोलणं टाकलं. आणि शीळफाट्याहून फोन आला, की लग्न झालेल्या मुलीचा विचार करण्याची आमच्यात पद्धत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. नाथा, ठमाबाई आणि दर्शनाचा भाऊ हितेश असे तिघं नौपाड्यात बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. मागे मान खाली घालून दर्शना. सुमतीबाईंना वाटलं, उद्या परीक्षा, म्हणून मोठी माणसं पाया पडायला आली. त्यांनी पोहे टाकले. त्यांचे यजमान प्रभाकरराव वर्तमानपत्राची घडी घालून पाहुण्यांसमोर येऊन बसले. नाथाने येताना रागाने बरंच बोलायचं ठरवलं होतं, पण बाईंच्या समोर खुर्चीवर बसल्यावर त्याला ते जमेना. मग बाईच बोलू लागल्या.

"उद्या अकराला आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काळजी करू नका. या खेपेला काही अडचण येणार नाही."

ठमाबाईने पोह्यांची बशी खाली ठेवली. "या खेपेला म्हंजे?"

"पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं ना. घाबरली होती बिचारी."

तेवढ्यात अद्वय हाफ पँटीवर, कानात इयरफोन घालून बाहेर आला. नाथाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "यो पहिल्या खेपेलापन होता का?"

अद्वयला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो मोठ्या माणसांसमोर करायचं तसं हसला आणि त्याने मान डोलावली.

"छे, हा कुठला," सुमतीबाई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला डोंबिवलीचा क्लासवाला होता."

ठमाबाईने कपाळाला हात लावला. हितेश उठून उभा राहिला. दर्शना "आत्या, अगं ऐक" म्हणत होती, पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी प्रभाकरराव, जे सहसा बोलत नसत, म्हणाले, "एक मिनिट. आपण सगळे कशाबद्दल बोलतोय?"

"लग्नाबद्दल," नाथा म्हणाला. "बाई, तुमचा आमी मान ठेवतो. पन पोरीचं लगीन असं चोरून लावताव का?"

लग्न एवढा शब्द इयरफोनमधूनही आत शिरला. अद्वयने एक इयरफोन काढला आणि विचारलं, "कोणाचं लग्न?"

समजूत पटायला बराच वेळ लागला. बाईंनी पुस्तक उघडून लाल आणि हिरव्या दिव्यांची चित्रं दाखवली. दर्शनाने दोन्ही हात वर करून दाखवले. हितेशला हसू आवरेना. नाथाला मात्र हसू आलं नाही. तो म्हणाला, कारण काय बी असूंदे, गावात शोभा झालीच. आता उद्या कुठे जायचं नाही. आधी त्या बांगड्या काढ, मग चार दिवस घरात बस.

बांगड्या निघेनात. कासाराने बाईंच्या सांगण्यावरून त्या अशा घट्ट भरल्या होत्या की साबण लावला, तेल लावलं, तरी हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडायची. आता फोडण्यावाचून इलाज नाही, असं हितेश म्हणाला. ठमाबाईने त्याच्या हातावर चापट मारली. हिरव्या बांगड्या मुद्दाम फोडायच्या, तेही भरल्या घरात, असं बोलायचंसुद्धा नाही. लग्न झालेलं असो की नसो.

मग काय करायचं? बांगड्या हातात ठेवून पोरीला घरात बसवली, तर गाव म्हणणार, बघा, नवऱ्याने टाकली. तेव्हा दर्शना म्हणाली, "बाबा, मी बोलले ते कोणालाच खरं वाटलं नाही. उद्या मी धक्क्यावर गेलेच नाही तर ते खोटंच ठरेल ना. मला पास व्हायचंय, ते राहू दे बाजूला. मी खोटं नाही बोलले, एवढं दाखवायला तरी जाऊ द्या."

नाथाने बहिणीकडे पाहिलं. ठमाबाई म्हणाली, "मंग आमीपन येनार. समद्यांच्या देखत होऊंदे."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भावकीतली निम्मी माणसं हजर होती. बोलणं टाकलेल्या घरांतलीही होती. ती न बोलता उभी होती. परीक्षक साहेब सज्जन गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात कागद अडकवलेली पाटी. परवाना प्रवासी बोटीचा, तर बोटीत प्रवाशांचं वजन हवं, म्हणून त्यांनी धक्क्यावरच्या लोकांना विचारलं, दहा-पंधरा जण बसाल का? ही सगळी उमेदवाराचीच माणसं आहेत, हे त्यांना कोण सांगणार? नाथा बसला, ठमाबाई बसली, हितेश फोन घेऊन बसला. सुमतीबाई मधल्या बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

दर्शनाने बोट सुरेख बाहेर काढली. समोरून रेतीची होडी आली, तिला हॉर्न देऊन, समोरासमोर आल्यावर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं या नियमाने, नीट बाजूने गेली. साहेब मान डोलावत काहीतरी लिहीत होते. सुमतीबाईंना वाटलं, आता विचारतील, पोर्ट कुठलं ते आता विचारतील.

खाडीच्या ऐन मध्यावर ठमाबाई उठली. तिने पिशवीतून नारळ काढला. पोरीचं चांगलं काम आहे, खाडीला नारळ दिल्याशिवाय होतं का? ती बोटीच्या काठाशी गेली आणि तिने नारळ सोडला. नारळ सोडला म्हटल्यावर बसून राहील, असं माणूस त्या बोटीत एकच होतं, ते म्हणजे साहेब. बाकी सगळे उठले, हात जोडून त्याच बाजूला गेले. बोट कलली. पाणी काठाला लागलं, साहेबांची टोपी घरंगळत त्याच बाजूला गेली आणि साहेब तिच्यामागे घसरत काठापर्यंत.

"बसा," दर्शना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्या आवाजात तिला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "सगळे आहात तिथेच खाली बसा. आत्या, काठ सोड, हळूच बस. बाबा, तुम्ही एकटे पलीकडे या. मग हितेश. एकेक जण. बाकी कुणी हलायचं नाही."

नाथा एरवी घरात कुणाचं ऐकायचा नाही. तो उठला आणि गुमान पलीकडे जाऊन बसला. मग हितेश, मग भावकी. दर्शनाने वेग उतरवून बोट हळूहळू सरळ केली.

धक्क्याला लागल्यावर साहेबांनी ओली टोपी पिळली. "त्या नारळवाल्या बाई तुमच्या कोण?"

"आत्या."

"आणि ज्यांना तुम्ही पलीकडे बसवलं ते?"

"वडील."

साहेब टोपी तशीच ओली डोक्यावर चढवत म्हणाले, घरच्या माणसांना जी एका शब्दात खाली बसवते, तिला प्रवाशांचा काय त्रास होणार? बाकीचे प्रश्न विचारायची गरज नाही. तुम्ही पास.

सगळ्यांना आनंद झाला. सुमतीबाई तेवढ्या खट्टू झाल्या. एवढी तयारी, आणि प्रश्नच नाही? आणि गावाला कसं पटणार? तिकडे ठमाबाईच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलंही, बांगऱ्यांचं कुठे इचारलं? बाई साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, पोर्ट-स्टारबोर्ड विचारा की. तिचं पाठ आहे."

साहेबांच्या अंगात आता प्रश्न विचारायचं त्राण नव्हतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि समोरच उभ्या असलेल्या ठमाबाईला विचारलं, "आजी, नारळ कुठल्या बाजूला सोडलात?"

"हिरव्या हाताच्या," ठमाबाई ताबडतोब म्हणाली.

"म्हणजे स्टारबोर्ड," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. भावकीने ते आपल्या कानांनी ऐकलं. टाकलेलं बोलणं तिथेच, चहाच्या टपरीवर, पुन्हा सुरू झालं.

बोट सुरू व्हायला पुढे आणखी बरेच महिने लागले, पण झाली. दर्शना सुकाणूवर असते. बांगड्या दोरखंडांना लागून एकेक करत आपोआप वाढल्या, कुणाला फोडाव्या लागल्या नाहीत. लग्नाचं ती म्हणते, बघू. नाथा तिला घाई करत नाही. शीळफाट्याच्या मुलाचं लग्न झालं, आणि पाण्यापासून लांब, खुशाल आहे. ठमाबाई रोज सकाळी बोटीने पलीकडे देवीला जाऊन येते. पिशवीत नारळ नाही ना, हे बघूनच तिला चढू देतात. प्रभाकरराव गुडघ्यांची तक्रार करत का होईना, पण आठवड्यातून एकदा खाडीवर चक्कर मारतात. अद्वयचं लग्न अजून व्हायचं आहे. कोलशेतला गेला की नाथाच्या घरी त्याला जावयासारखं वाढतात, आणि त्याने त्याला अजून हरकत घेतलेली नाही.

राहता राहिला नाथा. लेकीकडे परवाना आणि आपण आयुष्यभर बिनपरवाना, हे त्याला बोचू लागलं. तोही परीक्षेला बसला. साहेब तेच होते. त्यांनी विचारलं, समोरून होडी आली तर काय कराल?

"कोनाची?" नाथाने विचारलं.

"कोणाचीही."

नाथाने खूप विचार केला. शेजारच्या राघोशी होडी बांधायच्या खुंट्यावरून त्याचा वीस वर्षं वाद होता. "कोनाचीपन आसली तर वलन," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "राघोची आसली तर तो वलंल."

तो नापास झाला. त्याच दिवशी, त्याच प्रश्नाला राघोही नापास झाला. आता दोघं आठवड्यातून दोनदा सुमतीबाईंकडे शिकायला येतात. स्वयंपाकघराचं दार अरुंद आहे. आधी आत कोणी जायचं यावर दोघं उंबऱ्यापाशी बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे राहतात. परवा मात्र राघो थोडा आपल्या उजवीकडे सरकला आणि नाथाही आपल्या उजवीकडे. सुमतीबाईंनी ते गॅसपाशी उभं राहून पाहिलं आणि चहात दोन कप पाणी वाढवलं.