हरणाऱ्यांचा डबा

नव्या बाईंच्या वर्गात जिंकायला कोणी तयारच नव्हतं, आणि याचा दोष कुणाला द्यायचाच झाला तर तो बाईंच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याला द्यावा लागला असता.

डबा बिस्किटांचा, झाकणाला पोचा आलेला. पाचवीच्या मुलांचे पाढे काही केल्या पाठ होईनात, म्हणून बाईंनी वर्गाच्या दोन तुकड्या केल्या, एक खिडकीकडची आणि एक दाराकडची. रोज शेवटच्या तासाला दोन्ही तुकड्यांचा सामना. बरोबर उत्तराला वहीत एक चांदणी. चुकेल त्याने डब्यातली चिठ्ठी काढायची आणि तिच्यात लिहिलेली शिक्षा भोगायची. शिक्षा तरी कसल्या? ‘बदकासारखं चालत जाऊन फळा पुसा.’ ‘पाच मिनिटं जे बोलाल ते गाऊन बोला.’ ‘उजव्या हाताचं डाव्या हाताशी भांडण लावा आणि तुम्हीच मिटवा.’ कुणाचं अंग दुखू नये, मन तर मुळीच दुखू नये, म्हणून बाईंनी अख्खा रविवार खर्ची घालून चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. इतक्या झकास शिक्षा समोर असताना चांदण्यांकडे कोण ढुंकून बघणार, हा विचार त्या रविवारी त्यांच्या मनाला शिवलाही नाही.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात ‘वकील’ चुकला. हे वर्गातलं सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वादावादी करणारं कार्टं. त्याने पाच मिनिटं गाऊन पाणी मागितलं, गाऊन पेन्सिल मागितली, गाऊन शेजाऱ्याची तक्रार केली आणि वर्ग डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “बारा सक?”

“एकाहत्तर!” म्हणत तो उत्तर संपायच्या आत डब्यापाशी पोचलासुद्धा.

मग ती साथ पसरली. बरोबर उत्तर देणाऱ्याशी तुकडीतले लोक बोलेनासे झाले. भांडणंही नव्या तऱ्हेची होऊ लागली.

“बाई, हा मुद्दाम चुकला!”

“आणि तू काय, मनापासून चुकलास?”

बाईंच्या नाकी नऊ आले. शुक्रवारी नियम बदलायचा आणि डबा घरी न्यायचा, असं त्यांनी पक्कं ठरवलं. तपासणीस साहेब सोमवारी येणार होते. तोवर सगळं सुरळीत झालं असतं.

साहेब गुरुवारीच आले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्या बाई तीन महिन्यांच्या बोलीवर लागल्या होत्या आणि त्यांना कायम करायचं की निरोप द्यायचा, हे साहेबांच्या अहवालावर होतं. आधीच्या शाळेतून त्यांना काढलं होतं, ते ‘वर्गातून हसण्याचा आवाज फार येतो’ या कारणावरून. या शाळेतही मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “आपल्याकडे शांतता लागते हं.” शिकवणं हे एकच काम बाईंना जीव ओतून करता येत होतं. तेही गेलं असतं तर करायचं काय, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

साहेब उंच, किडकिडीत, काखेत फाईल. ते कधी हसल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. बाईंनी घाईघाईने डबा कपाटामागे सरकवला, पण चाळीस डोक्यांनी तो कुठे गेला हे बरोबर टिपलं.

“पाढे झालेत ना?” साहेबांनी बाईंच्या खुर्चीत बसत विचारलं. “बघू. सात नव्वे?”

झाडून सगळे हात वर. बाईंना हायसं वाटलं. ते कुठलं टिकायला?

“चौसष्ट!” खिडकीकडचा एक.

“बासष्ट!” दाराकडची एक.

“तेरा चोक?”

“एक्कावन्न!” वकील म्हणाला आणि सवयीने कपाटाच्या दिशेने दोन पावलं चाललाही.

“खाली बस,” बाई कशाबशा म्हणाल्या. साहेब विचारत होते, मुलं हात उंचावून उंचावून चुकत होती आणि दर उत्तराला फाईलमध्ये एक फुली पडत होती. अकरा फुल्या बाईंनी स्वतः मोजल्या.

“बाई,” साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “हे सगळं तुम्ही शिकवलंत?”

उत्तराची वाट न बघता साहेबांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं. तिथे ‘गोगलगाय’ बसायची. मुलगी गुणाची, पण तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचायचा नाही.

“तू गं. सात आठे?”

ती दचकून उभी राहिली. “छप्पन्न,” ती बोलून गेली, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हमसून हमसून रडायला लागली.

“अगं, बरोबर आहे!” साहेब गोंधळले. “बरोबर उत्तर देऊन रडतेस कशाला?”

“म्हणून तर रडतेय!” गोगलगाय आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. “सगळ्यांना चुकता येतं! मला एकदाही नाही जमलं! मी अजून एकदापण बदक नाही झाले!”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी कपाटामागून डबा काढला, साहेबांसमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

“साहेब, अकरा उत्तरांत एकही चुकूनसुद्धा बरोबर आलं नाही. उत्तर ठाऊक नसतं तर एकजण तरी फसला असता. आता नियम उलटा. बरोबर येईल त्याला चिठ्ठी. विचारा तुम्ही.”

साहेबांनी विचारलं. पहिला प्रश्न संपायच्या आत त्रेसष्ट, दुसऱ्याला बावन्न, पुढे पंधराचा, सोळाचा, एकोणिसाचा पाढा, उलटासुलटा, मधूनच कुठूनही. साहेबांचे प्रश्न संपले, हात संपेनात. गोगलगायीने चार उत्तरं दिली आणि बदक होऊन अख्खा फळा पुसला. बाईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

“छान,” साहेब फाईल मिटत म्हणाले.

“साहेब,” वकील उभा राहिला, “आमच्यात जो प्रश्न विचारतो, त्याला शेवटी एक प्रश्न घ्यावाच लागतो. त्याला जुनाच नियम, चुकला की चिठ्ठी. बाईपण घेतात.”

“अरे, गप्प!” बाई म्हणाल्या.

“नियम आहे?” साहेबांनी विचारलं. “मग विचारा.”

“सतरा आठे?” गोगलगायीचा आवाज थेट फळ्यापर्यंत आला.

“एकशे सव्वीस,” साहेब ऐटीत म्हणाले.

“एकशे छत्तीस!” अख्खा वर्ग ओरडला. वकिलाने अदबीने डबा पुढे केला. साहेबांनी चिठ्ठी उघडली आणि वाचली: ‘आपल्या खुर्चीची माफी मागा. तिचं समाधान झालं पाहिजे.’

ते उठले. खुर्चीकडे वळले.

“खुर्चीबाई,” ते म्हणाले, “तीस वर्षं शाळाशाळांतून तुमच्यावर बसलो आणि फुल्या मारल्या. तुम्ही कुरकुरलात, मी लक्ष दिलं नाही. चुकलंच माझं.”

खुर्चीचं समाधान झालं नाही, असा निकाल वकिलाने दिला. साहेबांनी वाकून पुन्हा माफी मागितली. वर्ग इतका हसला की मोठ्या बाई धावत आल्या आणि दारातच थिजल्या.

“हा आवाज!” त्या म्हणाल्या.

“माझ्यामुळे झाला,” साहेब म्हणाले. त्यांनी फुल्यांचं पान फाडलं आणि नव्या पानावर लिहून ते मोठ्या बाईंच्या हातात दिलं: ‘पाढे चोख. आवाज भरपूर, तो तसाच राहावा. बाईंना आजपासून कायम करावं.’

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. साहेब फाईल काखेत मारून निघाले, दारापर्यंत गेले आणि घुटमळले.

“प्रश्न एकच घ्यायचा, असा काही नियम आहे का?”

“छे, कितीही घ्या!” वकील म्हणाला.

गोगलगायीला त्यांची दया आली. तिने जमेल तेवढा सोपा प्रश्न काढला.

“दोन दुणे?”

साहेबांनी छताकडे बघितलं, बोटं मोजली, कपाळाला आठ्या घालून पुष्कळ विचार केला.

“पाच,” ते म्हणाले, आणि त्यांनी डब्याकडे हात पुढे केला.