उदयोन्मुख न्गायरे

वायरोआ गावच्या शाळेची बस चालवणाऱ्या न्गायरे तिपोकीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एक गाणं रचलं. गाणं तिच्या वडिलांवर होतं. दर वसंतात ते नदीत जाळं लावून बोटाएवढे पांढरे मासे धरत आणि कुठे धरले हे विचारणाऱ्या प्रत्येकाला नवीन थाप मारत. वडील, वी तिपोकी, आता वृद्धाश्रमात उशाशी रेडिओ लावून पडून होते. नाताळ दिसेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. न्गायरेने गाणं म्हणून दाखवलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "घरात काय, सगळेच गातात. रेडिओवर लागलं तर खरं."

ती गावच्या रेडिओ केंद्रावर गेली. तिथल्या मरी नावाच्या निवेदकाने गाणं पुरतं ऐकलं, डोळे पुसले आणि नकार दिला.

"ताई, आम्ही फक्त लोकप्रिय यादीतली गाणी लावतो."

"आणि यादीत कुठली येतात?"

"आम्ही लावतो ती."

त्याने तिला वेलिंग्टनच्या स्वरसंवर्धन मंडळाचा अर्ज दिला. देशी गाणी रेडिओवर वाजावीत म्हणून सरकारने हे मंडळ काढलं होतं. तिथल्या फिलिपाबाई फार आस्थेने बोलल्या. निधीसाठी गाणं आधी सहा केंद्रांवर वाजलेलं असावं, एवढीच अट होती.

"वाजलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"आम्ही यशस्वी गाण्यांनाच मदत करतो, बाई. त्यामुळे आमची मदत आजवर एकदाही अयशस्वी ठरलेली नाही."

तरीही एक पळवाट निघाली. न्गायरेला 'उदयोन्मुख युवा कलाकार' या गटात बसवण्यात आलं आणि तिच्या गाण्यावर ब्रॅडली नावाचा सल्लागार नेमण्यात आला. निधीतला मोठा वाटा त्याच्या मानधनाचाच होता. ब्रॅडलीने सौम्यपणे सुचवलं, की नदीचं नाव ऑकलंडमध्ये कुणाला माहीत नाही, तेव्हा नुसता 'समुद्र' करू. वडील हा विषय तरुणांना जड जातो, तिथे 'तू' चालेल. आवाजही एखाद्या तरुण गायिकेचा घेऊ. मासे तर नकोतच, त्यांच्या जागी प्रेम घालू.

"आणि थापा?"

"थापा राहू दे. प्रेमात चालतात."

न्गायरेचा संताप संताप झाला. पण रोज संध्याकाळी म्हातारा विचारायचा, "लागलं का गं?" तिने सही केली.

नवं गाणं समितीपुढे गेलं आणि नापास झालं. शेरा होता: गाण्यात स्थानिकपणा आढळत नाही. ब्रॅडलीने ताबडतोब दोन कडव्यांच्या मधे, फक्त त्याच देशात आढळणाऱ्या तुई पक्ष्याची शीळ घातली. स्थानिकपणा एकवीस टक्के भरला. वीस पुरेसा होता.

मग मात्र सरकारी यंत्रणा धडाडीने कामाला लागली. मंजूर गाणं जितक्या वेळा लावाल तितकं केंद्राला अनुदान मिळणार होतं, त्यामुळे मरी ते बातम्यांच्या आधी, बातम्यांच्या नंतर आणि हवामानाच्या ऐवजी लावू लागला. चौथ्या दिवशी गाणं यादीत पहिलं आलं. मंत्रीमहोदय वायरोआला आले, मटणाचा पाय खाऊन त्यांनी न्गायरेबरोबर फोटो काढला आणि हा जनतेचा कौल असल्याचं सांगितलं.

त्याच दुपारी न्गायरे वृद्धाश्रमात धावत गेली. गाणं चालूच होतं. तुई ओरडला. तिने वडिलांचा हात धरला आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बंद कर ते," म्हातारा म्हणाला. "दिवसभर हेच सरकारी रडगाणं. कान किटले. तुझं कधी लावणार आहेत गं?"

"लावतील, बाबा."

"तुझं तेवढं चांगलं नसेल. असू दे."

तिने रेडिओ बंद केला. खाली बस उभी होती आणि शाळा सुटायची वेळ झाली होती, म्हणून ती गेली.

मंडळाच्या अहवालात त्या दिवशीचे श्रोते एक लाख अठ्ठावीस हजार आहेत. रेडिओ चालू आहे म्हणजे माणूस ऐकतो आहे, असं मंडळ धरून चालतं. तुम्हीही, वाचक हो, इथवर आलात आणि तिच्या मूळ गाण्याची एक ओळही मागितली नाहीत. तेव्हा तुम्हालाही त्यात मोजलं आहे.