साहेबांना बाहेर काढण्याचा आराखडा

नियोजन विभागाच्या संचालकांच्या खोलीचं दार एका दुपारी अडकलं. मूठ मुळासकट हातात आली आणि दार चौकटीत घट्ट बसलं. दारं अडकतात, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की त्या वेळी संचालकांना फार घाई होती. एकुलत्या एक मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेल्याचा पत्नीचा फोन नुकताच येऊन गेला होता. मोबाइल आणि बॅग त्यांनी पुढे गाडीत पाठवूनही दिली होती.

त्यांनी दार ठोकलं. बाहेर सगळा विभाग जमला. काय करू, असं कुणीतरी विचारलं.

संचालकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की मोडा. पण बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, की आराखड्याशिवाय हात चालवणारा माणूस हा संस्थेचा शत्रू असतो. त्याच सकाळी त्यांनी टेबल सरकवणाऱ्या एका कारकुनाला याच मुद्द्यावर तासभर झापलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि शांत आवाजात सांगितलं, "आधी आराखडा करा. वेळापत्रक, साधनं, संपर्क. नेहमीप्रमाणे."

बाहेर समाधानाची कुजबुज झाली. साहेब ते साहेबच, असं दोघांनी म्हटल्याचं त्यांना आत ऐकू आलं आणि बरंही वाटलं.

काम उपसंचालकांनी अंगावर घेतलं. हे गुणी गृहस्थ. साहेबांचं प्रत्येक वाक्य त्यांना पाठ होतं आणि साहेबांची खुर्ची सतत डोळ्यांसमोर होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी व्हरांड्यात वेळापत्रकाचा तक्ता लावलासुद्धा. पहिली हिरवी पट्टी वेळापत्रक तयार करण्याची, दुसरी ते मंजूर करण्याची, तिसरी मंजुरी कळवण्याची. प्रत्यक्ष दार उघडण्याची लाल पट्टी पार उजव्या टोकाला होती. भिंत पुरली नाही म्हणून तो कागद वळवून स्वच्छतागृहाच्या दारावर चिकटवावा लागला.

मसुदा दाराखालच्या फटीतून सहीसाठी आत गेला. लाल पट्टी थोडी अलीकडे घेता येईल का, अशी विचारणा संचालकांनी केली. आधीची कामं पूर्ण झाल्याशिवाय पुढचं काम सुरू करता येत नाही, हा आपलाच नियम असल्याचं उपसंचालकांनी आदरपूर्वक निदर्शनास आणून दिलं. संचालकांनी सही केली आणि रात्री सोफ्यावर झोपले. कॅन्टीनच्या पोळ्या दाराखालून आत जात आणि खोलीला लागून स्वतंत्र न्हाणीघर होतं. पुढे सगळ्यांनीच त्याचा उल्लेख 'दूरदृष्टी' असा केला.

मग साधनांचा विषय आला. कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावण्यात आलं. त्यानं पिशवीतून पटाशी काढली, तेव्हा त्याला सौम्यपणे बसायला सांगण्यात आलं. त्याची आणखी दोन सुतारांशी तुलना व्हायची होती. तुलनेत तो इतका सरस ठरला, की नुसतं सुतारकाम करायला लावणं हा त्याच्या गुणांचा अपव्यय आहे, असं समितीचं एकमत झालं. त्याला सुतारकाम समन्वयक नेमलं, पंख्याखाली टेबल दिलं. समन्वयकानं हत्यार हातात धरायचं नसतं, त्यामुळे त्याची पिशवी भांडारात जमा झाली आणि विभागाला एक सुतार कमी पडू लागला. सुताराची तक्रार नव्हती. आठवड्याभरात तो चहावाल्याला, दोन कप न्यायला दोन फेऱ्या कशाला, असं विचारू लागला.

तिसरा भाग संपर्काचा. दाराशी येऊन जो तो साहेबांशी बोलायचा, त्यामुळे गोंधळ व्हायचा. म्हणून साहेबांशी फक्त संपर्क अधिकाऱ्यानं बोलावं असं पहिल्याच संध्याकाळी ठरलं. टेबलावरचा फोनही त्यांच्याकडे वळवण्यात आला. निरोपातून खासगी नाती, भावना आणि अनावश्यक तपशील गाळावेत, अशी स्पष्ट सूचना होती. ती संचालकांनीच पूर्वी कधीतरी लिहिलेली होती.

दार अडकल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पत्नीचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं, की नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, आजोबांची वाट बघतायत. संपर्क अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे नाती आणि भावना गाळल्या. आत गेलेली चिठ्ठी अशी होती: 'एक नवीन मुलगी आली आहे. प्रकृती उत्तम. साहेबांना भेटू इच्छिते.'

संचालक आधीच वैतागलेले होते. मुलीकडचं काही कळत नव्हतं आणि त्यात ही कुणी नवीन प्रशिक्षणार्थी भेटायला आलेली. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'पुढच्या आठवड्यात वेळ द्या. येताना कागदपत्रं आणायला सांगा.'

हा निरोप मात्र एकही शब्द न गाळता दवाखान्यात पोचवण्यात आला.

बाळाला घरी आणल्यावर पत्नी कार्यालयात आल्या. व्हरांड्यात त्यांना तक्ता दाखवण्यात आला. त्यांनी तो पाहिला, मग इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूच्या गाड्या लावायच्या जागेत गेल्या आणि साहेबांच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. खिडकीला लोखंडी गज होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "आणलीत कागदपत्रं. कुठली बघणार, तिची की तुमची?"

संचालक खिडकीशी आले. त्यांनी पत्नीच्या हातातलं गाठोडं पाहिलं आणि मग त्यांना उमगलं. गजांतून एक बोट जेमतेम बाहेर जात होतं. ते त्यांनी पुढे केलं. नातीनं ते मुठीत धरलं आणि झोपली. ती उठेपर्यंत संचालक बोट तसंच ठेवून उभे होते. मग त्यांनी येऊन दारावर दोन्ही हात आपटले आणि ओरडून सांगितलं, की खड्ड्यात गेला आराखडा, आत्ताच्या आत्ता दार मोडा.

उपसंचालकांना स्वतः यावं लागलं.

"साहेब, आपण या प्रकल्पाचे लाभार्थी आहात," ते दाराला तोंड लावून म्हणाले. "लाभार्थ्याच्या हट्टापायी आराखडा बदलला तर शिस्त राहील का?"

"मी संचालक आहे."

"म्हणूनच म्हणतो, साहेब. बदल करायचा तर बदल समितीसमोर विषय यावा लागतो. समितीचे अध्यक्ष आपणच. बैठक वरच्या सभागृहात आहे, आणि अध्यक्षांनी समक्ष हजर राहायचं असतं."

बैठक बोलावण्यात आली. अध्यक्ष आले नाहीत. पुढची बोलावली, तिलाही आले नाहीत. सततच्या गैरहजेरीबद्दल समितीनं नाराजी नोंदवली आणि खुलासा मागवणारं पत्र दाराखालून आत सरकवलं. संचालकांनी खुलासा दिला. तो मोघम असल्याचा शेरा मारून परत आला.

पत्नी एकदा हातोडी घेऊन आल्या. बाहेरचं साधन म्हणून ती फाटकावर ठेवून घेण्यात आली आणि बाईंच्या सहकार्याबद्दल त्यांचे आभार मानण्यात आले. त्यानंतर त्या दुपारी गजांतून जातील अशा गुंडाळलेल्या पोळ्यांचा डबा आणि नात घेऊन खिडकीशी यायच्या. नात मान धरू लागली, मग बसू लागली. संचालकांनी हे सगळं गजांच्या फटींतून पाहिलं. त्यांना बोलायचं असे ते आता फक्त तिच्याशी.

प्रकल्पाचं मात्र नाव झालं. इतर विभागांची माणसं तो बघायला येऊ लागली. एकही पट्टी उशिरा पूर्ण झालेली नाही, याचं त्यांना फार कौतुक वाटे. लाल पट्टी दर महिन्याला रीतसर मंजुरीनं पुढे सरकत होती, त्यामुळे तिला उशीर झाला असं कुणाला म्हणता येत नव्हतं.

आणि मग संचालक सेवानिवृत्त झाले. वय झालं की माणूस निवृत्त होतो, त्याला दाराची आडकाठी नसते. निरोपसमारंभ व्हरांड्यात झाला. हार दाराखालून जाईना, म्हणून फुलं सुटी करून सरकवली. उपसंचालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या सकाळी ते संचालक झाले.

पदभार घेतल्यावर त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की आपल्या खोलीत एक बाहेरची व्यक्ती विनापरवाना राहत आहे. त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला बोलावलं. घुसखोर हटवायला आराखडा लागत नाही. रखवालदारानं खांदा लावला. दार एका धक्क्यात आत पडलं.

माजी संचालकांना दंडाला धरून फाटकापर्यंत नेलं. आत आल्याची नोंद सापडत नसल्यामुळे बाहेर गेल्याची नोंद करता येईना, तेव्हा त्यांना तसंच सोडून देण्यात आलं. पत्नी बाहेर उभ्या होत्या. नातीनं हा माणूस आजवर गजांमधून उभा चिरलेलाच पाहिला होता. अख्खा पाहून ती घाबरली आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागली. तिला घ्यायला पुढे केलेले हात त्यांनी मागे घेतले.

दार अडकलेलं होतं त्या काळात त्या व्हरांड्यातून रोज कितीतरी लोक ये-जा करत होते. कुणाचा दाखला अडकला होता, कुणाची सही राहिली होती. एके दिवशी तुम्हीही तिथे होतात. पलीकडून कुणीतरी दार ठोकत होतं आणि ते तुम्हाला स्वच्छ ऐकू आलं. तुम्ही दाराच्या इतके जवळ होतात, की खांदा लावायला पाऊलसुद्धा उचलावं लागलं नसतं. हातातला अर्ज सावरत तुम्ही शिपायाला हळूच विचारलंत, "साहेब आतच आहेत ना? मग सही आज होईल का?"